एक डब्बा दादाचा, एक रुपरावचा

मधात कोणी बोलायचं नाही, असं असन तर सांगते. "मग फोनचा डाटा काहून नाही वापरला?" असं कोणी विचारलं का मी उठून जाईन. तांडापेठेतल्या आमच्या गल्लीत येऊन पाहा एकदा. दोन्हीकडे तीन-तीन मजले चढलेले न् मधात आमचं बुटकं घर. फोनवर नुसतं हॅलो म्हणायले गच्चीवर पाण्याच्या टाकीले चिपकून उभं राहावं लागते, न् तिथंही सिग्नलची एकच दांडी येते. म्हणून तर घरात केबलवाल्याचं नेट घेतलं होतं.

घर म्हणजे एक घर न् दोन दारं. आजोबा विणकर होते. ते गेल्यावर बाबांनी न् रुपराव काकानं वाटणी केली, न् गवंड्यानं समोरच्या खोलीच्या बरोबर मधातून भिंत उचलली. भिंतीच्या अलीकडे आम्ही, म्हणजे बाबा देवराव, आई भारती न् मी प्रणाली. पलीकडे रुपराव काका न् कामिनी काकू. त्यांचा एकुलता एक चंदन कॅनडात. मले भाऊ नाही, चंदनले बहीण नाही, त्यामुळं राखी, भाऊबीज, भांडण, सगळं आमचं एकमेकांतच भागते.

आमच्याकडे वाटणीचा भारी सोस. आजोबाची लाकडी शिडी होती, ती यांनी मधातून कापून अर्धी-अर्धी घेतली. आता दोघांचीही शिडी माळ्यापर्यंत पोचत नाही, पण दोघांपैकी कोणी तक्रार करत नाही, कारण अन्याय कोणावरच झाला नाही.

तर नेट. केबलवाल्यानं जो मोडेम दिला, तो जुना काळा डब्बा. त्याले वायफाय नव्हतं. म्हणून मी बर्डीच्या बाजारातून वेगळा राऊटर आणला, चार शिंगांचा. दोन्ही भावांले समोर बसवून समजावलं, का मोडेम म्हणजे कार्पोरेशनचा नळ न् राऊटर म्हणजे घरातली टाकी न् पाईप. नळ नसन तर टाकी कोरडी. टाकी नसन तर बसा नळाखाली घागर लावून. दोघांनी मान डोलावली. माणूस जेव्हा इतकी मान डोलावते ना, तेव्हा त्याले काही समजलेलं नसते, हे मले तेव्हाच समजायले पाहिजे होतं.

दोन्ही डब्बे आमच्याकडे, भिंतीतल्या कोनाड्यात ठेवले. भिंतीपलीकडे काकालेही वायफाय मिळे. चांगलं चाललं होतं. मग चैत्रात एके दिवशी बाबांनी फोन उघडला तर वायफायच्या जागी नाव दिसलं, "रुपराव सदन". काकानं चंदनले फोनवर विचारून विचारून चुपचाप बदललं होतं. बाबांचं डोस्कं असं फिरलं का ते पायात चप्पल न घालताच भिंतीपलीकडे गेले.

"घर बापाचं, डब्बा माझ्या कोनाड्यात, न् नाव तुझं?" बाबा म्हणे.

"तुमचं नाव दारावरच्या पाटीवर आहे ना दादा," काका म्हणे. "माझं हवेत राहू द्या."

यावर दोघे चिडीचूप बसले असते तर ते माझे बाबा न् काका कसले. बोलता बोलता आजोबाच्या शिडीपर्यंत गोष्ट गेली. मी तेव्हा इतवारीत होते, साडीच्या दुकानात बिलाच्या काउंटरवर. संध्याकाळी घरी आले तर वाटणी होऊन गेली होती. डब्बे दोन, भाऊ दोन, एकेक घ्या. मोठा म्हणून पहिली निवड बाबांची. बाबांनी मोडेम घेतला, कारण बाहेरून येणारी तार त्यात जात होती. "मूळ ज्याच्याकडे, झाड त्याचं," म्हणे. काकानं राऊटर उचलला, त्याले शिंगं चार होती म्हणून. दोघेही खुश. दोघांलेही वाटून राहिलं होतं का आपण दुसऱ्याले फसवलं.

"बाबा, हे म्हणजे बैल एकानं नेला न् गाडी दुसऱ्यानं," मी म्हटलं.

"बैल माझ्याकडे आहे ना?" बाबा म्हणे.

मी कपाळावर हात मारून घेतला.

त्यानंतर जे सुरू झालं ते पाहायले तिकीट लावायले पाहिजे होतं. बाबांकडे नेट होतं, पण तारेच्या टोकाले. घरातला जुना कम्प्युटर त्यांनी हातभर तारेनं मोडेमले जोडला, न् स्टुलावर बसून भिंतीकडे तोंड करून संत्र्याच्या मंडीचे भाव पाहत बसत. आमची संत्र्याची एक फांदीसुद्धा नाही. काकाकडे उलटं. फोनवर वायफायच्या दांड्या फुल, नाव झळकते "रुपराव सदन", न् आत काहीच येत नाही. पण कबूल करन तर काका कसला. तो दारात खुर्ची टाकून फोन हातात धरून जोरजोरात हसे, म्हणजे बाबांले ऐकू जावं. एकदा मी मागून जाऊन पाहिलं. तो घड्याळाचा अलार्म उघडून हसून राहिला होता.

"तारेतलं नेट ताजं असते," बाबा इकडून मोठ्यानं म्हणत. "हवेतलं शिळं."

आई न् काकू मागच्या दारातून वाटीभर भाजी न् वाटीभर साखर नेत-आणत राहिल्या. त्या दोघींनी या भांडणात भागच घेतला नाही. "माणसांचे खेळ आहेत वं," काकू म्हणे. बोलणं बंद होतं ते फक्त दोघा भावांचं. एकमेकांचं तोंड पाहत नव्हते, न् एकमेकांचं खोकणं मात्र कान देऊन ऐकत होते.

न् मग चंदनले पोरगी झाली.

आता इथून मी हसणार नाही, सांगून ठेवते. आमच्यात बारशाले नाव ठेवते ती आत्या. आत्यानं पाळण्याजवळ बसायचं, लेकराच्या कानात कुर्र करायचं, नाव सांगायचं, न् मागून बाया तिच्या पाठीत धपाधप बुक्क्या घालतात. चंदनले बहीण मी एकटी, म्हणून आत्या मीच. माझं लग्न झालं नाही, आता होणारही नाही, न् त्याचं मले रडू येत नाही. पण लोकांच्या कार्यक्रमात मी नेहमी ताटं वाढणारी. कोणत्या पाटावर मले बसवायचं हे कोणाले सुचत नाही. हा एक पाट माझा होता, कोणाले न मागता माझा झालेला, न् मले तो पाहिजे होता. पाहिजेच होता.

नावही मीच काढलं होतं. रेशम. चंदनले आवडलं, त्याच्या बायकोले, उन्नतीले, आवडलं. पण उन्नतीची बहीण रितिका तिकडंच राहते, न् तिचं म्हणणं होतं का नाव तिकडच्या लोकांले सोपं जाईन असं पाहिजे, आयला नाही तर मिया. चंदन बिचारा मधात. शेवटी त्यानं सांगितलं, "ताई, शनिवारी तुमच्याकडं संध्याकाळचे सात वाजले का आम्ही व्हिडिओ कॉल लावतो. इथं पाहुणे येऊन बसलेले राहतील. तुझा कॉल नाही लागला तर मग रितिकाच कानात सांगन."

मावशीनं नाव ठेवायचं. आत्या जिवंत असताना. न् एकदा लेकराच्या कानात गेलेलं नाव पुन्हा बोट घालून काढता थोडीच येते.

मी आदल्या दिवशी टाकीले चिपकून कॉल लावून पाहिला. चंदनचं तोंड उघडं न् एक डोळा बंद, असं चित्र अडकलं ते अडकलंच. बाबांच्या कम्प्युटरले कॅमेरा नाही. शेजाऱ्याचं वायफाय मागू म्हटलं, तर दोन्ही भाऊ आपापल्या खोलीतून एकाच वेळी म्हणे, "लोकांच्या दारात जायचं नाही." चैत्रापासून त्यांचं हे पहिलं एकमत.

मग मी काकाकडे गेले. "काका, एका संध्याकाळपुरता राऊटर दे."

"राऊटर या घरातून हलणार नाही पोरी. कुलदैवताची आण घेतली मी."

"नात तुझी आहे."

"म्हणूनच तर. बारसं आजोबाच्या घरी होते, न् आजोबा मी. दादाले म्हण, मोडेम इकडे आणा."

बाबांकडे आले. बाबांचा हात मोडेमवर, जसं काही मी तो पळवून नेणार होते. "मोडेम कोनाड्यातून हलणार नाही. मीही आण घेतली आहे."

"मग लांब तार टाकते, त्यांच्या दारातून आत."

"माझी तार त्याच्या दारात भीक मागायले जाणार नाही."

पलीकडून काका ओरडला, "न् दादाची तार माझ्या दारातून आत येणार नाही."

म्हणजे डब्बे हलणार नाहीत, न् तार दारातून जाणार नाही. तरी मी इतवारीतून येताना लांब तार घेऊन आले. काहून आणली ते मले माहीत नव्हतं. राग आला का मी काहीतरी विकत घेते.

शनिवारी काकूनं तिच्या खोलीत पाळणा टांगला. लेकरू कॅनडात, म्हणून पाळण्यात वरवंटा ठेवला, त्याले टोपडं घातलं, काजळाचा टिळा लावला. गल्लीतल्या बाया नटूनथटून येऊन बसल्या. काका नव्या सदऱ्यात, राऊटर पुसून पुसून चकचकीत केलेला, त्याचे दिवे लुकलुकून राहिलेले. काकू माझ्याकडे पाहे न् नजर खाली घाले. मले तिथं उभं राहवेना. मी आमच्या खोलीत येऊन भिंतीले टेकून खाली बसले, न् रागानं टाच फरशीवर आपटली.

फरशी पोकळ वाजली.

मागाचा खड्डा. विणकर माग चालवते तेव्हा जमिनीच्या बरोबरीत बसते न् पाय खाली खड्ड्यात सोडते, मागाच्या पावड्या, म्हणजे लाकडी पट्ट्या, दाबायले. आजोबाच्या मागाचा खड्डा या खोलीच्या मधातच होता. गवंड्यानं भिंत उचलली तेव्हा खड्डा कोण बुजवणार यावरून भावांचं जमलं नाही, म्हणून त्यानं खड्ड्यावर दगडी तुळई टाकली न् वरून भिंत नेली. खाली खड्डा तसाच, अर्धा आमचा, अर्धा त्यांचा. दोन्हीकडे वरून फरशीचं झाकण. आमच्या अर्ध्यात कांदे राहतात, त्यांच्या अर्ध्यात गणपतीचं मखर. लहानपणी मी न् चंदन भिंतीखालून एकमेकांले मीठ लावलेल्या कैऱ्या देत होतो. दोघांच्याही माय-बापांले ते आजपर्यंत माहीत नाही.

मी झाकण उघडलं न् कांदे बाहेर फेकायले लागले.

"काय करून राहिली वं?" बाबा म्हणे.

"बाबा, डब्बा कोनाड्यात राहील. तिकडचा डब्बा तिकडे राहील. तार कोणाच्या दारातून जाणार नाही, जमिनीखालून जाईन. आण कुठं मोडली सांगा."

बाबांनी विचार केला. खरंच केला, डोळे मिटून. "आणेत खड्ड्याचं काही नव्हतं," ते म्हणे.

भिंतीपलीकडून काकाचा आवाज आला, कोणालेच उद्देशून नाही असा. "माझ्याही नव्हतं."

मी कम्प्युटरची तार काढून नव्या तारेचं एक टोक मोडेममध्ये खोचलं न् दुसरं हातात घेऊन खड्ड्यात उतरले. तार पुढं ढकलली तर ती मधातल्या मातीच्या उंचवट्याले लागून वाकली न् माझ्याकडेच परत आली. पुन्हा ढकलली, पुन्हा आली. पलीकडे झाकण उघडल्याचा आवाज आला, मखर फेकल्याचा आवाज आला, काकाच्या फोनचा टॉर्च दिसला. तो हात घाले, मी हात घालू, न् आमच्या मधात दीड हात अंधार. सात वाजायले आले होते. माझ्या डोळ्यांतून पाणी यायले लागलं, न् ते कांद्याचं होतं असं मी कोणाले सांगणार नाही.

"सरक," बाबा म्हणे.

त्यांनी देवाच्या फोटोखालून आजोबाचा धोटा काढला. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळते तो लाकडी धोटा. दसऱ्याले आम्ही अजून त्याची पूजा करतो. बाबा खड्ड्यात उतरले न् बसले, न् पाहता पाहता त्यांचे पाय आपोआप आपल्या जागेवर गेले, जसं काही पावड्या अजून तिथंच होत्या. तारेचं टोक त्यांनी धोट्याले गाठ मारून बांधलं. मग तो दोन्ही हातांत धरून भिंतीखाली वाकले.

"रुप्या," ते शेवटी म्हणे.

पलीकडे टॉर्चचा उजेड भिंतीखालून थोडा पुढं सरकला.

"रुप्या, हात लाव गा. टाकून राहिलो."

"टाक ना दादा."

धोटा जमिनीवरून सर्रकन गेला न् तिकडे फटकन हातात बसला.

"घेतला," काका म्हणे.

"लहानपणी दोनदा टाकला का एकदा सोडत होता तू."

"तुमी वाकडं फेकत होते."

बाबा माग चालवायले शिकले तेव्हा काका सात-आठ वर्षांचा होता, न् आजोबा चहा प्यायले गेले का हे दोघं धोटा फेकून खेळत, ही गोष्ट आईनं मले नंतर सांगितली. तेव्हा मले वेळ नव्हता. मी पलीकडे धावले. काकानं खड्ड्यातूनच हात वर करून तार राऊटरच्या मिळेल त्या भोकात खोचली होती. दांड्या फुल न् आत काही नाही, नेहमीसारखं.

"काका, ते पिवळं भोक नाही. निळं. बाहेरून येणारी तार निळ्यात जाते."

"चारही पिवळीच तर आहेत."

"पाचवं आहे. शिंगाच्या बाजूले."

निळ्यात टाकली. तरी काही नाही. आता मले माहीत होतं काय झालं ते. मोडेम इतके दिवस बाबांच्या कम्प्युटरले धरून बसला होता, त्याले दुसरा सोबती ओळखू येईना. एकदा बंद करून चालू करावा लागते, तेव्हा तो नवीन ओळख धरते.

"बाबा, मोडेमचं बटन बंद करा," मी भिंतीतून ओरडले.

"चालू असलेलं कोणी बंद करते का?"

"बाबा, तुमी बंद करा."

"पुन्हा सुरू नाही झालं तर?"

"दादा, करा ना बंद," काका खड्ड्यातून म्हणे. "पोरगी रडून राहिली इथं."

बाबांनी खड्ड्यातूनच आईले सांगितलं, न् आईनं बटन दाबलं. "दिवे विझले," ती तिकडून ओरडली. मग, "एकेक करून परत लागून राहिले." काकूच्या हातातला फोन टिंग टिंग करायले लागला, चैत्रापासून अडकलेले सगळ्यांचे गुड मॉर्निंग एकदम येऊन पडले, न् त्यांच्या मधातच चंदनचा कॉल वाजला.

समोर कॅनडा. मोठी खोली, पाहुणे, न् रितिका पाळण्याशेजारी पदर खोचून तयार. "चला, आता माझीच पाळी ना?" ती म्हणून राहिली होती.

"थांब बाई," मी म्हटलं. "आत्या आली."

चंदननं फोन लेकराच्या कानाशी नेला. मी इकडे पाटावर बसले, वरवंट्याच्या पाळण्याले हात लावला, फोन तोंडाजवळ घेतला. कुर्र केलं. न् तेवढ्यात पायाखालच्या खड्ड्यातून, अख्ख्या कॅनडाले ऐकू जाईन असा बाबांचा आवाज आला.

"अबे रुप्या, तार नको ओढू, तुटन."

"मी नाही ओढून राहिलो. तुमीच तिच्यावर बसले असान."

"मी कांद्यावर बसलो आहे."

कॅनडात हशा पिकला. रितिकासुद्धा हसली, तेव्हा मले ती थोडी आवडली. लेकरानं डोळे उघडले न् आवाज कुठून आला ते शोधायले लागलं. म्हणजे पोरीच्या कानात पहिलं गेलं ते तिच्या दोन आजोबांचं भांडण. चालते, घरचंच आहे. मी पुन्हा कुर्र केलं न् म्हटलं, "रेशम." स्पष्ट म्हटलं, तीनदा म्हटलं. मागून बायांनी माझ्या पाठीत इतक्या बुक्क्या घातल्या का दुसऱ्या दिवशी काउंटरवर मले टेकता येईना. मी रडले, न् सगळ्यांसमोर रडले.

दोघा भावांले वर काढायले गल्लीतली माणसं बोलवावी लागली. दोघांचेही गुडघे धरले होते. नवीन सदऱ्याची पार वाट लागली होती, पण काकानं तो नुसता झटकला. बाबांनी वर येऊन फोन पाहिला, "रुपराव सदन" वाचलं न् म्हणे, "असू दे. हवेतच आहे."

रविवारी मी म्हटलं, आता दोन्ही डब्बे पहिल्यासारखे एका कोनाड्यात ठेवू, तार कशाले पाहिजे खड्ड्यातून. दोघेही एकदम नाही म्हणे. आण घेतली आहे म्हणे. मी सोडून दिलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी, मी दुकानातून येऊन हात-पाय धुते न धुते, का नेट जाते. बाबा म्हणतात, "तार ढिली झाली असन." मग झाकण निघते, बाबा खाली बसतात, तिकडे काका खाली बसतो. आई इकडून चहा सोडते, काकू तिकडून. अंधारात दोघं तास-दीड तास बोलत राहतात, संत्र्याचे भाव, आजोबा, रेशमनं कूस कशी बदलली. मग तार नीट झाली म्हणतात न् वर येतात.

मी दोनदा खाली उतरून पाहिलं. तार कुठंच ढिली नाही. परवा लवकर घरी आले तर बाबा कोनाड्याजवळ एकटेच उभे होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मोडेममधून तार आपल्याच हातानं हळूच उपसली, न् झाकणाशी वाकून हाक मारली.

"रुप्या, नेट गेलं गा. उतर खाली."